दोन बोटं खोल

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून
बोग्ना बसली आहे, गुडघ्यांवर घोंगडं,
आणि हुकूम सोडते आहे.

एप्रिल अर्धा सरला.
कुंपणाच्या सावलीत अजून थोडा बर्फ आहे,
मळकट, कुणी विसरून गेलेल्या टॉवेलसारखा.
"माती घे. दाब. आता सोड."
मी सोडतो. ढेकूळ फुटत नाही.
"वापसा नाही अजून. उद्या बघ."
उद्या बघतो. परवा बघतो.
तेरवा ती म्हणते, आण इकडे,
आणि तिच्या मुठीत ढेकळाचा भुगा होतो.
"झालं. पेर."
मी काही बोलत नाही.

सदतीस वर्षं मी ब्यावस्तोकच्या एका बोळात
घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढ्या स्प्रिंगा,
राईहून लहान स्क्रू. श्वास रोखला की काम होई.
बाग तिची होती. मी फक्त जेवायचो
आणि मीठ कमी आहे म्हणायचो.

"वाटाणा दोन बोटं खोल."
कुणाची बोटं? तुझी की माझी?
ती दोन बोटं वर करून दाखवते.
ती थांबत नाहीत.
मी अंदाजाने घेतो.

मुळा ओळीत. कांद्याचे बारके गड्डे, शेंडा वर.
"शेंडा वर, विटेक! शेंडा!"
पुढचं ती गिळते, कारण शेजारचा लुत्सियान
कुंपणाला कोपर टेकून ऐकतो आहे.

चुका तेवढा पेरावा लागत नाही.
तो आपला आपण येतो, जुन्या जागी, सगळ्यांच्या आधी.
चुकांचं असंच असतं, लुत्सियान म्हणतो,
कितीही खणा, बोटभर मूळ आत उरतंच.
सूप मात्र चांगलं होतं.

शेपू माझ्या हातून नीट पडेना.
चिमटीतून एकदम सुटतो,
इथे झुबका, तिथे टक्कल.
"खुर्ची वाफ्यापाशी घे," ती म्हणाली.
तिच्या तळहातावर मी बी ओतलं.
तिने हात नुसता कलता केला.
बाकी सगळं त्या थरथरीने केलं:
बी सुटं सुटं पडत गेलं,
बारीक चाळणीतून पडावं तसं,
वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"बघितलंस?" ती म्हणाली.
"तुझ्या घड्याळांना जमलं असतं?"

टोमॅटोंना अजून बंदी.
पान्क्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी,
मे महिन्यातले तीन बर्फाळ संत जाऊ देत,
मग थंड झोश्का, पंधरा तारखेला. मग काय ते.
पण पाच मेला अंगातला स्वेटर टोचू लागला,
विजेच्या खांबावर करकोचा चोच वाजवू लागला,
खिडकीतली रोपं दह्याच्या डब्यांत मावेनात.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
ती दुपारी झोपली तेवढ्यात अकरा रोपं लावून टाकली.
उठून तिने ती पाहिली.
चहा मागितला, बस.

तेराच्या रात्री तिने मला कोपर मारलं.
"ऊठ. चादरी काढ."
बाहेर चांदण्या टाचण्यांसारख्या टोचत होत्या.
पायजम्यावर ओव्हरकोट, तोंडात टॉर्च,
दोन चादरी, एक टेबलक्लॉथ, तिचा जुना फ्लॅनेलचा गाऊन.
कुंपणापलीकडे आणखी एक टॉर्च हलत होता.
लुत्सियान, ओणवा, बायकोचे पडदे पांघरत.
आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

सकाळी सात जगली होती.
चार काळी, शिजवल्यासारखी.
बोग्नाने मोजली. "सात पुरतात दोघांना," म्हणाली.

शेपू उगवला आहे.
हिरवी लव, ओळ नाही, पण कुठे दाटीही नाही.
टोमॅटोंना काठ्या लावायच्यात. "गाठ सैल बांध."
किती सैल?
ती दोन बोटं वर करते.
या वेळी मी तिला हाताला धरून वाफ्यापर्यंत नेतो,
तिचीच दोन बोटं सुतळीच्या फासात घालतो,
आणि गाठ मारतो.
काठी थोडा वेळ हलत राहते.
"आता काढू दे," ती म्हणते. "आणखी सहा आहेत."