रुंदी किती

सुवार्ता नागोयाच्या स्टेशनातनं फोन करते,
गाडी बदलताना. आठ मिनिटं असतात.
तिच्याकडं रात्रीचे आठ, मिरजेत साडेचार,
चहा अजून गाळायचा असतो.

ती सांगते, चार कंपन्यांच्या गाड्या एका छपराखाली,
वर रेल्वे, पोटात मेट्रो,
माणसं पाटाच्या पाण्यासारखी वाहतात
आणि कुणाला कुणाचा धक्का लागत नाही.
लागलाच तर दोघंही माफी मागतात,
तरी दोघांचीही गाडी चुकत नाही.

मी विचारतो, रुळांची रुंदी किती?

बाबा, रूळ दिसतच नाहीत.
मेट्रोच्या फलाटाला काचेची दारं आहेत.
दारासमोर दार येतं, आपण आत.
मग कळतं कसं, मोठी लाईन का छोटी?
कशाला कळायला पाहिजे?
आणि आठ मिनिटं संपतात.

कशाला म्हणजे?
माझी पंधरा वर्षं त्या फरकात गेली, पोरी.
मिरजेत तीन मापं होती:
साडेपाच फुटी मोठी, पुण्याकडं,
मीटरची, लोंढ्याकडं,
आणि अडीच फुटी छोटी, कुर्डुवाडीकडं,
चढावर उतरून शेंगा उपटाव्यात, परत चढावं अशी.
एकीचा डबा दुसरीवर चालत नसे.
मधे आम्ही चालायचो,
मी, हुसेन बागवान, बापू माळवदे,
आणि मुकादम हेगडे, ज्याला शिव्या तीन भाषांत यायच्या.
गूळ, हळद, शेंगतेलाचे डबे, एकदा चाळीस शिवणयंत्रं,
एकदा खाटेसकट एक म्हातारी, दवाखान्याकडं,
सावकाश म्हटलं की रागवायची.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. बापूच्या खांद्यावर
हळदीचं पोतं फुटलं, ऐन दोन गाड्यांच्या मधे.
एक आलेली, एक सुटणारी.
लोक त्यातनंच पळाले.
पिवळी पावलं जिन्यानं चढली आणि वर फाकली,
काही पुण्याच्या डब्यात, काही बेळगावच्या,
एक इवलंसं, एकाच पायाचं, छोटीच्या पायरीवर.
हेगडेनं पोत्याचे पैसे कापले.
बापूचा खांदा आषाढ लागेस्तोवर पिवळा होता,
नवरदेव म्हणायचो आम्ही त्याला.
तो बिनलग्नाचाच गेला.

आता सगळं एकाच मापाचं झालं.
बरं झालं. माझी कंबर म्हणते बरं झालं.

परवा ती म्हणाली, जमिनीवर पिवळी पट्टी असते बाबा,
उठावाची, आंधळ्यांसाठी.
रात्रपाळीनंतर डोळे मिटतात, मी तिच्यावरनंच जाते.
तशी इथंही बसवलीय. मी मुद्दाम गेलो,
चपला काढून चाललो तिच्यावर.
ती मला वजनकाट्यापाशी घेऊन गेली
आणि संपली.
बावन्न किलो.

काल फोटो आला.
तिच्या वृद्धाश्रमातले एक आजोबा, उभा जन्म रेल्वेत,
आता स्वतःचं नावही लागत नाही त्यांना.
हिनं कागदावर दोन रूळ काढले, भुवया उंचावल्या.
त्यांनी चमचा खाली ठेवला,
दोन्ही हात उचलले, तळवे समोरासमोर,
जरा जवळ आणले. थांबले.
हिनं टेप लावली: साडेतीन फूट, वर एक दोरा नाही.
मग त्यांनी हात आणखी फाकवले
आणि जमिनीकडं बघितलं,
जिथं खाली मेट्रो असणार.

मोबाईल बायबलला टेकवून ठेवला.
हात त्यांच्यासारखे धरले, आधी अंदाजानं,
मग खांद्याला आठवलं तसे.
न हलवता उठलो, दारापर्यंत गेलो,
चौकटीला दोन्ही कोपरं अडली.

मार्था म्हणाली,
बाहेर जायचं तर जा, नाहीतर आत या.
चहा निवतोय.