शंभर ग्राम

शाळेचा पट एकवीस,
म्हणजे तांदूळ दोन किलो शंभर.
काटा जुना आहे, डावीकडे झुकतो.
उजव्या ताटलीत मी एक बोल्ट ठेवते,
नंदूच्या गाडीतला, झिजलेला,
आणि मग मोजते.

नंदू, माझा नवरा,
रोज सातला पिवळी गाडी काढतो.
गाडीवर निळ्या अक्षरांत कॉन्व्हेंट.
तिथे ना सिस्टर ना चर्च.
हायवेवरच्या कृषी केंद्रवाल्याने
खताच्या गोडाऊनला रंग देऊन काढलेली शाळा.
पण आमच्याकडे टाय म्हणजे कॉन्व्हेंट.

ड्रायव्हरच्या मुलीला फी अर्धी.
हे त्याने तीनदा सांगितलं,
एकदा जेवताना, एकदा गाडी धुताना,
एकदा काहीच करत नव्हता तेव्हा.
"पोट्टी गुड मॉर्निंग म्हनंन,
तुले काहून वाईट वाटून राह्यलं?"

वाईट नाही वाटत. हिशोब करते आहे.
मिताली गेली तर वीस, म्हणजे काठावर.
रामटेके मॅडम उन्हात दारोदार फिरतात,
तीन घरं झाली की आमच्या ओट्यावर टेकतात,
गुळाचा खडा, गडूभर पाणी,
आणि मला मात्र विचारत नाहीत.
मी त्यांच्याच शाळेतली खिचडीवाली,
विचारायचं सुचलं नसेल.
किंवा सुचलं असेल.

पांढरकवड्यालाही एक पाहून आलो.
सर म्हणाले, घरीसुद्धा इंग्रजीच बोला,
सहा महिने मूल गप्प राहील, घाबरू नका.
नंदूने विचारलं, आमालेच येत नसंन तं?
सर म्हणाले, मग टीव्ही लावून ठेवा.

गप्प राहणं मला ठाऊक आहे.
पहिलीत मी हात वर करून म्हटलं होतं,
मले पानी पाह्यजे.
मला म्हण, गुरुजी म्हणाले.
पाणी म्हण. पाहिजे म्हण.
सगळं नीट म्हणेपर्यंत तहान गेली.
आता लिहिताना मला लिहिते,
नंदूशी भांडताना मले.

मागल्या वर्षी पोडावरून सुगंधा आत्राम आली.
घरी कोलामी.
तिच्यासाठी आमची मराठीच इंग्रजी.
दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही तिने,
फक्त ताट पुढे करायची, मी वाढायची.
मिताली तिच्याजवळ बसायची, हापशीपाशी,
दोघी चिखलात काहीतरी मांडत.
एका रात्री मिताली जेवता जेवता म्हणाली,
आई, ईर दे.
काय दे?
पाणी वं. सुगंधाचं.
नंदू इतका हसला की ठसका लागला,
आणि मग आठवडाभर
ईर आन, ईर ठेव, गाडीत ईर टाकलं काय,
असंच चाललं त्याचं.
त्याची फी कोणी मागितली नाही.

कॉन्व्हेंटचा फॉर्म देव्हाऱ्याखाली आहे.
मातृभाषेच्या रकान्यात नंदूने मराठी लिहिलं,
पेन्सिलने.
मिताली वाचत होती, एकेक अक्षर जोडून.
म्हणाली, कोणती?

टायही आला आहे.
तिने तो बोकडाला बांधून पाहिला,
म्हणाली, शोभते त्याले.
जिल्हा परिषदेचा गणवेश
अजून यायचा आहे. नेहमीसारखा.

बाकी महाराष्ट्राची शाळा कधीच भरली,
आमची ऊन उतरल्यावर, उद्या.
कोठीची किल्ली माझ्याकडे असते.
संध्याकाळीच आले, तांदूळ मोजून ठेवायला.
दोन किलो झाले.
काटा बोल्टासकट सरळ उभा राहिला,
एवढा सरळ तो कधी राहत नाही.

मग हात परत पोत्यात गेला.
हाताने आपल्या मनाने केलं म्हणणार होते,
पण खोटं आहे, मीच घातला.
मूठ भरली आहे,
अजून बाहेर काढलेली नाही.
रस्त्यावर नंदू
उद्यासाठी हॉर्न वाजवून पाहतो आहे.