मालकाचा पत्ता

जेलरोडला आमची दोन घरं, मधे एकच भिंत.
पलीकडे निवृत्तीदादा, नोट प्रेसमधला.
अलीकडे मी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात.
दोघेही सरकारी. आमच्या बायका मात्र
हा शब्द एका वाक्यात दोघांसाठी वापरत नाहीत.

दादाचा महागाई भत्ता दिल्लीत वाढतो
आणि वहिनी टीव्हीचा आवाज वाढवते.
आमचाही वाढतो, पुढच्या कुठल्यातरी महिन्यात,
युनियनवाले प्रकाशगडाच्या पायऱ्या चढून-उतरून आले की.
थकबाकी पाच हप्त्यांत.
दळणवाला दोघांकडून सारखेच पैसे घेतो.

दादाला खिशात पैसे ठेवून आत जाता येत नाही.
दिवसभर नोटांमधे उभा राहतो,
चहाला कूपन फाडतो.
झडती घेणारा जवान कुठल्या लांबच्या जिल्ह्यातला,
नाव कळायच्या आत बदलून जातो.
परिपत्रक हिंदीत येतं, खालची सही लागत नाही.
"लागून काय करायचंय," दादा म्हणतो,
"त्या माणसाला मी या जन्मात भेटणार आहे होय?"

माझ्या गेटवर सगळेच भेटतात.
आमदाराचा पीए, ठेकेदाराचा मेहुणा,
जमीन गेलेल्यांची नातवंडं,
हातात आजोबांचा दाखला, लॅमिनेट केलेला.
एका माघात बायका आल्या राखेनं माखलेली धुणी घेऊन,
गेटला दोरी बांधली, वाळत घातली.
साहेब बाहेर आले तर सगळ्यांत पुढे
त्यांच्या बायकोची सख्खी मावशी.
"जावईबापू, एवढं पातळ झटका."
साहेबांनी झटकलं.

दादा हे ऐकून हसला, ठसका लागेपर्यंत.
मग पाणी पिऊन म्हणाला,
"आमच्याकडं असं कुणी येत नाही रे."
"यायला हवं का?"
"नको. पण येत नाही."

परवा प्रेसमधे एक शीट कमी भरली.
भोंगा झाला, दार उघडेना.
नऊ वाजले. अकरा वाजले.
वहिनी भिंतीवर थाप मारून विचारत होती, आला का,
जणू तो माझ्या बाजूनं येणार होता.
मी फोन वरखाली चाळला.
आमच्याकडं काही अडलं तर माझ्याजवळ चार नंबर आहेत,
नुसत्या शिव्या द्यायलासुद्धा दोन.
तिकडचा एकही नाही.
दिल्लीला फोन करून काय सांगू,
माझा भाऊ जेवायचा राहिलाय?

शीट सापडली. दुसरीला चिकटून बसली होती,
ओल्या शाईनं.
कुणी माफी मागितली नाही.
ओव्हरटाइम मात्र मिनिटासकट लागला,
आणि तो त्याच महिन्यात मिळेल, हेही खरं.
माझा मागच्या दिवाळीचा अजून फाइलीत आहे,
फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते मला माहीत आहे,
त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोही आहे.

पाऊण वाजता दादा घरात न जाता
माझ्याच पायरीवर बसला.
बोटं अजून हलत होती, अंगठ्यावर अंगठा, मोजल्यासारखी.
वरचा दिवा दाखवून म्हणाला,
"हा उजेड तरी तुझा ना?"
"नाही रे. कोळसा नव्हता, संच तीन दिवस बंद.
हा आज चंद्रपूरचा असेल, नाहीतर आणखी कुठला."

मी दुधाच्या पैशातली शंभराची नोट पुढे केली.
"आणि ही? तुझी?"
त्यानं ती दोन बोटांत धरली, कानाशी नेऊन वाजवली.
"छे. देवासची."
त्याला कसं कळतं देव जाणे. फेकतही असेल.

वहिनीनं पलीकडून भिंतीवर पुन्हा थाप मारली.
दोघेही एकदमच म्हणालो,
आलो.