दोन बोटं माया

सकाळी दुकान उघडायच्या आधी
मी बर्तन बाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने येते.
मान वर करून.
त्यापायी एकदा गाईला धडकले, एकदा ई-रिक्षाला.
तो म्हणाला, "आंटी, आसमान में सेल लगी है क्या?"
लागलेलाच असतो, भिया. तू वर बघत नाहीस.

खाली मोबाइलची कव्हरं, लेगिंग्ज, चायना लाइट.
खालचा मजला दर दिवाळीला कपडे बदलतो.
वरचा नाही बदलत.
वर चुन्याची वेल, वेलीत संवत १९९३,
आणि लाकडी तोड्यावर एक पोपट,
चोच गेलेला,
पण शेपटीला असा बाक
की मी तिथेच उभ्याने
लाइटबिलाच्या मागे उतरवून घेतला.

मार्गशीर्षात तो बाक
दाणेकरांच्या सुनेच्या पाठीवर चढून लग्नाला गेला,
जांभळ्या महेश्वरीवर.
बायका विचारत होत्या म्हणे, कुठल्या मासिकातला गळा?
आता पोपटाचा पत्ता कसा द्यायचा.

कमान दिसली की मला आधी तिरपी पट्टी दिसते.
सात पाकळ्यांची असेल तर पोटात गोळा येतो,
कारण प्रत्येक पाकळीच्या खाचेत
टाक्याच्या अलीकडे कात्री थांबवावी लागते.
दगडाला कुणी थांबवली असेल?
खजुरी बाजाराच्या कोपऱ्यावर
सहावी पाकळी जरा मोठी आहे.
त्या कारागिराचाही त्या दिवशी
डोळा लागला असावा, किंवा चहा आला असावा.
मला फार बरं वाटलं ते पाहून.

मग पद्मजा टोकेकर आली फोटो घेऊन.
प्रमिलाआत्या, १९५७. कोपरापर्यंत बाही,
खांद्याशी तीन चुण्या, गळ्याला पायपिंग.
अगदी असाच हवा, म्हणाली.
पायपिंग कुठल्या रंगाचं?
फोटो काळापांढरा.
आत्या गेली, म्हणाली, रंग घेऊन गेली.

आत्याचा हात गॅलरीच्या कठड्यावर होता.
बिडाचा कठडा, त्यात उलटी बदामं.
हा मी पाहिलेला.
दुपारी रुखसानाला मशीनवर बसवून गेले.

रस्ता रुंद झाला होता.
घर अर्धं.
निगमवाल्यांनी भिंतीवर लाल खूण केलेली,
आम्ही खडूने करतो तशीच,
आणि खुणेवरून सरळ कापलेलं.
कठडा नव्हता. माडीवरची एक खोली
उन्हात उघडी पडलेली,
अस्तर बाहेर आल्यासारखी.
खुंटी. कोनाडा. आणि भिंतीचा रंग.

एक पापुद्रा रुमालात बांधला
आणि बोहरा बाजारात हातिमभाईंकडे.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
पापुद्रा दारातल्या उजेडात धरून
एकोणीस रिळं लावून पाहिली.
"मोरचूद," म्हणाले. "चुन्यात घालायचे पूर्वी.
हा रंग आता येत नाही."
आणि विसावं रीळ काढलं
खालच्या खणातून, कागदात गुंडाळलेलं.
पैसे मात्र आजच्या भावाने घेतले.

आमचे सासरे सांगायचे,
कापड किती का महाग असेना,
शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवावी.
बाई जाड होते, पोर मोठी होते,
मुंडा सरकतो. माया नसेल
तर उसवून काय मिळणार?
निगमची लाल खूण मी परत येताना
पुन्हा एकदा पाहिली.
जाऊ दे.

पद्मजाने आरशासमोर घातला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, हाच रंग.
असेल, नसेल. तिने तो फोटोतच पाहिलेला.
दंडात मात्र घट्ट झाला.
मी दाताने टाका तोडला, बाही उसवली,
अर्धं बोट सोडलं.
दीड अजून आत आहे.