दोन बोटं कमी

मुलुंडहून रेवतीचा फोन.
"दादा, तू अजून तिथेच ना, उंची मोजायच्या दांडीपाशी?
मग खरं सांग, कधी यावं?
ह्यांनी तक्ता केलाय महिनावार,
तिकीट, ऊन, गर्दी, शाळा,
आणि एकही चौकोन हिरवा होत नाही."

होणारच नाही, रेवा.
चौदा वर्षं उभा आहे मी इथे
गोराईच्या खाडीकडे पाठ करून.

मे म्हणशील, तर घसरगुंडी मांडीला डाग देते.
बायका ओढण्या भिजवून पोरांच्या डोक्यावर टाकतात
आणि रांग जाते पार रसवंतीपर्यंत.

जुलैत निम्मे पाळणे ताडपत्रीखाली.
तिकीट स्वस्त, हे खरं.
पण वारा सुटला की मोठं चक्र थांबवतात,
आणि पोरं वर बघत राहतात
तोंडातली भजी न चावता.

पितृपक्षात मात्र पार्क मोकळं असतं बघ.
नवीन काही करायचं नाही, म्हणून
लोक पाळण्यातसुद्धा बसत नाहीत.
मागच्या वर्षी एक आजोबा आले, एकटेच,
ड्रॅगनमध्ये सलग सात फेऱ्या.
विचारलं, तर म्हणाले,
"हिचं पान ठेवलं, कावळा लगेच शिवला.
उरलेल्या दिवसाचं काय करायचं?"

दिवाळीनंतर सहलींच्या बसेस.
एका रंगाच्या टोप्या, दोन बाई, एकशे दहा पोरं,
आणि शिट्ट्या, माझ्या झोपेतसुद्धा.

जानेवारीच्या शेवटी एक आठवडा असतो.
सकाळी खाडीवर धुकं, लोखंड गार,
दुपारीही सावली शोधावी लागत नाही.
पण तेव्हा तुमची चाचणी.
दर वर्षी तुमची चाचणी.

माझा तक्ता वेगळा आहे, रेवा.
त्यात एकच खूण. लाल. एकशे वीसवर.
पोरं येतात तिच्याखाली टाचा उचलून,
मुली वेण्या डोक्यावर बांधून,
एकाने तर बुटात वर्तमानपत्र कोंबलं होतं,
चालताना चुरचुर वाजत होतं.
मी म्हणतो, दोन बोटं कमी.
बाप म्हणतो, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी काय होतं ते मी पाहिलंय.
कधी पुढचं वर्ष चार वर्षांनी येतं.
खूण खांद्याशी लागते,
आणि पोर म्हणतं,
तुम्ही जा, मी इथे बसतो.

धनश्रीला मीच परत पाठवली होती.
नियम म्हणजे नियम, सुपरवायझर समोर उभा.
घरच्यांसाठी पास मिळायचा, चार माणसांचा.
कपाटात आहे अजून, साड्यांच्या खाली,
वहिनी टाकू देत नाही.
ती आता नर्स आहे पनवेलला.
परवा रात्रपाळी करून आली, माझा डबा घेऊन,
दांडीपाशी उभी राहिली, म्हणाली,
"पप्पा, आता?"
मी साखळी काढली.
ती म्हणाली, नको, झोप येतेय.

तर असं कर. तो तक्ता मिटव.
शाल्मलीला दाराच्या चौकटीला टेकून उभी कर,
पायात काही नको,
डोक्यावर पट्टी सपाट धर, पेन्सिलीने रेघ मार
आणि मला आकडा सांग.
एकशे अठरा असेल तर नीट जेवू घाल,
गौरी-गणपती झाले की बोलू.
एकशे वीस असेल तर ह्याच मंगळवारी ये,
ऊन असो, शाळा असो,
ह्यांना रजा नसली तर ह्यांना ठेव घरी.

बुधवार नको.
बुधवारी चक्राला ग्रीस लावतात.
आणि टोप्या घेऊन या,
इथे दीडशेला देतात,
दुसऱ्या दिवशी रंग जातो.