धुण्याआधी खिसे तपासावेत

तेलविहिरी जळत होत्या त्या वर्षी
फहाहीलमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागे,
आणि दोरीवरचा सदरा वाळेपर्यंत पुन्हा मळे.
छावणीचं धुणं माझ्याकडे यायचं.
पाद्री मक्लर्गचे कपडे मी वेगळे ठेवी;
पाद्री म्हणून नव्हे, त्याच्या खिशात नेहमी काहीतरी असे.
पेपरमिंट, पेन्सिलीचं थोटूक, एकदा कुणाची तरी अंगठी.

मिरजेचा, मिशन कंपाउंडमधला, म्हटल्यावर
तो स्टूल ओढून इस्त्रीच्या टेबलाशीच बसला.
म्हणजे तू आमच्याच मंडळीचा की!
आमच्यात बापही वडील आणि मंडळीचा कारभारीही वडील,
आणि माझे वडील दोन्ही, हे सांगताना माझं इंग्रजी संपलं.
तेविसावं स्तोत्र त्यानं त्याच्या चालीत म्हटलं,
मी अभंगाच्या.

एका शनिवारी घाईत खिसा पाहिला नाही.
खरं सांगतो, पाहिला होता.
कागद उघडून वाचला. अकरा नावं.
घडी घालून बाजूला ठेवला
आणि कसा कोण जाणे, सदऱ्याबरोबर टबात गेला.

त्यानं लगदा तळहातावर घेतला. रागावला नाही.
बोटं मोजत नावं म्हणू लागला.
दहावर थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दहा.
अकरावं मला येत होतं.
पण धोब्यानं चिठ्ठी वाचली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?
रविवारच्या उपासनेत तो दहा नावं बोलला
आणि मध्येच एक, नावाएवढा, श्वास घेतला.

पुढं तो तिकडे निवडणुकीला उभा राहिला.
जिंकला. कँटीनच्या टीव्हीवर दिसायचा:
पांढऱ्या गळपट्टीच्या जागी टाय,
नावांच्या जागी 'सुमारे'.
पुढच्या लढाईला त्यानं हात वर केला म्हणे.
डावा की उजवा, ते दाखवलं नाही.

मग एका नोव्हेंबरात शिष्टमंडळाबरोबर आला.
मी आता हॉटेलच्या तळघरात; मशीन जर्मन, पोरं नेपाळी.
खोली नऊशे चारचा कोट. चिठ्ठीवर मक्लर्ग.
खिसे तपासले. पेपरमिंट होतं.
पावतीच्या पाठीवर लिहिलं, आधी देवनागरीत,
ते खोडून इंग्रजीत:
आयव्हर गिबल, वय एकोणीस.
डाव्या खिशात सरकवलं.

कोट वर गेला. बिल भरलं गेलं, टीप बरी होती.
बाकी काही नाही.

बातम्यांत तो बोलायला लागला की
मी आवाज बंद करतो
आणि त्याचा डावा हात बघत बसतो.