पहिली सोडून

डंडीत, टेकडीवरल्या कॉलेजात
माझं डोकं ताशी चौदा पौंडांनी भाड्यानं मिळतं.
परीक्षेच्या दिवशी मी पडद्याआड, चौथ्या स्टेशनवर बसते.
गाडी येत नाही. दर आठ मिनिटांनी घंटा होते
आणि एक नवं, घामेजलेलं पोर आत येतं.

हात धुतात. नाव सांगतात. माझं विचारतात.
मुळ्ये, मी म्हणते.
मिसेस मुल्ये, ते म्हणतात.
त्यांच्या जिभेची बारावी नस ठणठणीत आहे,
फक्त तिला कुणी कधी
टाळूकडे मागं वळून
ळ आणायला पाठवलेलं नाही.

मग बोट हवेत इंग्रजी एच काढत फिरतं.
मान न हलवता, फक्त डोळ्यांनी.
तिसरी, चौथी, सहावी:
तिघींत मिळून एक बुबुळ.
चौथी त्यांतली सगळ्यात बारीक,
मेंदूच्या मागल्या दारानं निघते,
अख्खा वळसा घालून पुढं येते,
आणि काम काय, तर जिना उतरताना
नजर पायरीवर नेऊन ठेवायची.
एवढ्यासाठी एवढी पायपीट.
अशा दोन-तीन बायका माझ्या माहितीत आहेत.

कापसाचा बोळा. कपाळ, गाल, हनुवटी.
भुवया चढवा. गाल फुगवा. दात दाखवा.
दिवसातून अठरा वेळा मी हसते
हसण्यासारखं काही नसताना,
आणि ते माझ्या ओठांचे दोन कोपरे
सुताराच्या नजरेनं जुळवून बघतात.
कानामागच्या हाडावर नादकाटा टेकतो:
आवाज थांबला की सांगा.
तो नक्की कधी थांबतो
हे मला अजून एकदाही कळलेलं नाही.
अंदाजानं सांगते. ते मान डोलावतात.

आ करा.
ही दहावी. पडजीभ उचलते,
पण तिथं मुक्काम करत नाही,
मानेतून खाली उतरते, काळजाला हात लावते,
जठरापाशी जाऊन बसते, कुणी बोलावलेलं नसताना.
पोरं पडजिभेशीच थांबतात.
बरोबरच आहे.
आठ मिनिटांत काळजापर्यंत कोण जाणार.

आणि पहिली?
पहिलीचं नुसतं विचारतात.
वासात काही फरक?
माझ्या कागदावर छापलंय: नाही.
नाही, मी म्हणते. पुढं.

मागल्या जानेवारीत ब्लॅकनेस रोडवर
बर्फावरून घसरले, डोकं मागून आपटलं.
कवटीला तडा नाही, डॉक्टर म्हणाले, नशीब.
पण नाकाच्या माथ्यावर एक हाड असतं
पिठाच्या चाळणीसारखं,
त्याच्या भोकांतून पहिलीचे धागे खाली उतरतात.
मेंदू एकदाच गचकन हलला
आणि ते कापले गेले, सुईसकट नाही, नुसते दोरे.
तेव्हापासून लसूण करपला
तर छतावरचा भोंगा सांगतो.
हिंग म्हणजे एक पिवळी पूड.
तुळशीचं पान चुरडलं तर फक्त बोट हिरवं होतं.

परवा मॉर्व्हन नावाची मुलगी आली,
केसांत पेन खोचून विसरलेली.
वासात काही फरक? नाही.
ती पुढं गेली नाही.
खिशातून पेपरमिंटच्या अर्काची कुपी काढली,
डोळे मिटा म्हणाली, नाकाशी धरली.

काही नव्हतं.
आणि मग काहीतरी गार, टोकदार
आत शिरलं, डोळे भरून आले.

हा वास नव्हे, मला पक्कं ठाऊक आहे.
ही पाचवी.
झोंबणं, गारवा, तिखटाचा ठसका तिच्याकडं असतो.
शेजारच्या बंद घराचं टपाल
आपल्याकडं ठेवून घेणाऱ्या बाईसारखी ती.

पेपरमिंट चालत नाही, कॉफी आणायची,
कोपऱ्यातला परीक्षक वर न बघता म्हणाला,
आणि त्याचं पेन एक गुण खाली उतरलं.

कसला आहे? मॉर्व्हननं तरी विचारलंच.

गार आहे, मी म्हणाले.

ती थबकली. हे उत्तर
तिच्या कागदावर नव्हतं, माझ्याही नव्हतं.
घंटेला अजून मिनिट होतं.
मग तिला अकरावी आठवली.
खांदे उडवा, ती म्हणाली.

मी उडवले.